लेखनिक हवेत? मग आधी संस्था इंटरनेटवर सापडू द्या

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणाऱ्या छोट्या संस्थांची जानेवारी उजाडला की धावपळ सुरू होते. ओळखीपाळखीत फोन, व्हॉट्सॲपवर 'कृपया पुढे पाठवा'चे निरोप, ओळखीच्या शिक्षकांची मनधरणी. त्याच शहरात त्याच आठवड्यात कुणीतरी मोबाईलवर 'अंध मुलांचे पेपर लिहायला जायचे आहे' असं शोधत असतं आणि त्याच्या हाती जुन्या बातम्यांपलीकडे काही लागत नाही. दोघांची गाठ पडत नाही याचं कारण बहुतेक वेळा अगदी किरकोळ असतं: चुकीचा फॉन्ट, अर्धवट पान, कुलूप लागलेला फॉर्म. हे सगळं दुरुस्त करायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. मोबाईल आणि संगणक बऱ्यापैकी हाताळणाऱ्या एका माणसाचे दोन-तीन रविवार पुरतात. इथे उदाहरण लेखनिकांचं घेतलं आहे. वृक्षारोपण, दुर्गसंवर्धन किंवा वस्तीतली अभ्यासिका चालवणाऱ्यांनी कामाचं नाव बदलून वाचावं.

शोधणारा काय टाइप करतो?

संस्थेचं नाव तर नक्कीच नाही, कारण ते त्याला माहीत नसतं. तो काम टाइप करतो, गाव टाइप करतो आणि कधीकधी वेळ: 'रविवारी', 'सुट्टीत', 'घरबसल्या'. संस्थेच्या संकेतस्थळावर मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरांत सक्षमीकरण, समावेशन, परिवर्तन असे शब्द असतात. देणगीदारांच्या अहवालात ते शोभतात, पण शोधपट्टीत ते कुणी लिहीत नाही. 'लेखनिक' आणि 'सोलापूर' हे दोन शब्द एकाच पानावर, वरच्या दोन ओळींत नसतील तर सोलापुरातल्या माणसाला ते पान दिसण्याची शक्यता फार कमी.

शब्दांची निवड इथे खरोखर महत्त्वाची आहे. सरकारी पत्रात 'लेखनिक' असतो, शाळेच्या स्टाफरूममध्ये 'रायटर' आणि इंग्रजी माध्यमातल्या पालकांच्या तोंडी 'स्क्राइब'. तिन्ही शब्द पानावर यायला हवेत, तेही साध्या वाक्यात ओघाने. तळाशी शब्दांची रास ओतून ठेवण्याची जुनी युक्ती आता चालत नाही, उलट ती अंगाशी येते. 'स्वयंसेवक' या शब्दाची अडचण वेगळी आहे. नुसता हा शब्द शोधला की राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंधित पानं पुढे येतात, त्यामुळे एकट्या या शब्दावर भिस्त ठेवू नका. 'परीक्षेसाठी लेखनिक स्वयंसेवक' असं कामाला जोडून लिहा.

शिवाय बरीच मंडळी रोमन लिपीत शोधतात. म्हणून मराठी मजकुराखाली चार-पाच वाक्यांचा एक परिच्छेद सरळ इंग्रजीत लिहिलेला असावा. संस्थेच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि फेसबुक, नकाशा, लेटरहेड, देणगी पावती अशा सगळीकडे तेच ठेवा. नावात 'ज्ञान' असेल तर मराठी माणूस रोमन स्पेलिंग 'डी'पासून सुरू करतो आणि हिंदी भाषक 'जी'पासून. एकाच संस्थेची दोन स्पेलिंगं फिरत राहिली तर शोधयंत्रालाही या दोन वेगळ्या संस्था वाटू शकतात.

लोक नेमकं काय शोधतात हे अंदाजाने ठरवू नका. गूगलच्या शोधपट्टीत 'लेखनिक' लिहून थांबलात की खाली सूचना येतात, त्या बघा. 'गूगल ट्रेंड्स'वर महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना फुकट करता येते, मात्र शोध फार कमी असतील तर आलेख रिकामा येतो. सगळ्यात खात्रीची माहिती 'सर्च कन्सोल' या गूगलच्याच मोफत साधनात मिळते. तुमचं पान कोणत्या शब्दांसाठी किती वेळा दिसलं आणि किती वेळा उघडलं गेलं, याची १६ महिन्यांपर्यंतची नोंद तिथे असते. पान ४०० वेळा दिसून दोनदाच उघडलं गेलं असेल तर ते सापडतंय, पण त्याचं शीर्षक वाचून कुणाला आत यावंसं वाटत नाही.

एका कामाला एक पान

'आमच्यासोबत जोडले जा' नावाच्या एकाच पानावर लेखनिक, वाचक (पुस्तकं वाचून दाखवणारे), देणगी, इंटर्नशिप असं सगळं कोंबलेलं असतं आणि खाली एक ईमेल पत्ता. असं पान कोणत्याच शोधाला नीट उत्तर देत नाही. प्रत्येक कामाचं वेगळं पान करा. लेखनिकांच्या बाबतीत तर दोन पानं लागतात: 'लेखनिक व्हायचंय' आणि 'लेखनिक हवा आहे'. दुसरं पान स्वतः दृष्टिबाधित विद्यार्थीच उघडणार आहे, तेही मजकूर बोलून दाखवणाऱ्या 'टॉकबॅक'सारख्या सुविधेतून. तिथे मजकूर चित्रात असेल तर त्याला काहीच ऐकू येणार नाही.

पानाचं शीर्षक ५०-६० अक्षरांत बसवा, कारण त्यापुढचं शोधनिकालात कापलं जातं. काम आणि गाव आधी, संस्थेचं नाव शेवटी: 'अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हा, सोलापूर'. हे शीर्षक पुरेसं आहे.

आत काय लिहायचं, यासाठी परीक्षेचाच दिवस डोळ्यांसमोर आणा. राज्य मंडळाचा सकाळचा पेपर ११ वाजता सुरू होतो. पेपर तीन तासांचा असेल आणि परीक्षार्थीला तासाला २० मिनिटं वाढीव वेळ असेल, तर एक तास वाढतो आणि पेपर सुटतो तीनला. केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचायचं. म्हणजे लेखनिकाचे साडेदहा ते तीन, असे साडेचार तास जातात, तेही आठवड्याच्या कामाच्या दिवशी. पानावर नुसतं 'तीन तासांचा पेपर' लिहिलं तर पालक दोन वाजता फाटकापाशी येऊन थांबतात, आणि पुढच्या पेपरला ते मुलाला पाठवतीलच याची खात्री उरत नाही. त्यापेक्षा पानावर असं लिहावं:

'काम: विद्यार्थी सांगेल ते उत्तर जसंच्या तसं लिहिणं, प्रश्न हळू आणि स्पष्ट वाचून दाखवणं. वेळ: सकाळी १०.३० ते दुपारी ३, परीक्षेच्या दिवशी. कोण चालेल: बारावीच्या विद्यार्थ्यासाठी अकरावीतले किंवा खालच्या इयत्तेतले, दहावीच्या विद्यार्थ्यासाठी नववीतले किंवा खालचे. माध्यम: मराठी आणि सेमी-इंग्रजी. आधी एकदा दोन तासांचा सराव, त्याच विद्यार्थ्यासोबत. काय आणायचं: शाळेचं ओळखपत्र. शुल्क नाही, मानधन नाही, तासांची नोंद असलेलं पत्र मिळेल.'

'शुल्क नाही' हे आवर्जून लिहा. नोंदणीच्या नावाखाली पैसे उकळणारे भरपूर असल्यामुळे लोक बिचकतात. 'मानधन नाही' हेही तितकंच स्पष्ट हवं, नाहीतर निम्मे फोन त्याच चौकशीचे येतात. जाण्यायेण्याचा खर्च देत असाल तर तसं लिहा.

या मजकुरातून एक गोष्ट लक्षात येईल. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे येणारा स्वयंसेवक साधारण १४ ते १७ वर्षांचा. मोबाईलवर शोध तो घेईल, पण निर्णय घरचे घेणार. त्यामुळे हे पान आईवडिलांसाठीही लिहावं लागतं: केंद्र कोणतं, सोबत संस्थेचं कोण असेल, पर्यवेक्षक असतात का, मुलाच्या स्वतःच्या परीक्षेच्या तारखा आड येतील का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून फॉर्मवर पहिला मोबाईल क्रमांक पालकांचाच मागा. आधार कार्डाची प्रत मागू नका. लेखनिकाची परवानगी शाळेमार्फत घेताना जी कागदपत्रं लागतील ती तेव्हा, शाळेच्याच हाती.

पान आहे, पण गूगलला दिसत नाही

मराठी संस्थांमध्ये हा आजार फार आहे आणि त्याचं मूळ फॉन्टमध्ये असतं. डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर अक्षरं सारखीच ओळखू येणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर बनवला की पडद्यावर तो देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा गोंधळ साठवलेला असतो. शोधयंत्र तो गोंधळच वाचतं. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: पानावरची किंवा पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर ठीक, भलतीच चिन्हं उमटली तर तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल. त्यासाठी मोफत परिवर्तक मिळतात. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात.

दुसरं कारण म्हणजे सुंदर पोस्टर. सगळी माहिती चित्रात असते आणि पानावर मजकूर म्हणून एक ओळही नसते. गूगल चित्रातली अक्षरं थोडीफार ओळखतं, पण त्या भरवशावर राहू नये. पोस्टर ठेवा आणि खाली तोच मजकूर टाइप करा. चित्रात काय आहे हे शब्दांत सांगणारं पर्यायी वर्णनही चित्राला जोडा.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवण्याचा मोह टाळावा. तो ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी केला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्केचिन्हांसकट नऊ अक्षरं होतात. एकट्या 'स्वयंसेवक' शब्दाची ८१ अक्षरं. व्हॉट्सॲपवर असली लांबलचक निळी शेपटी आली की लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. पत्ता रोमन आणि छोटा ठेवा, मजकूर खुशाल मराठीत लिहा.

नवं पान गूगलच्या यादीत यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून तपासणीची विनंती करता येते. त्याने रांगेत थोडं पुढे जाता येतं, हमी मात्र नाही. म्हणून वेळेचं गणित मागून मांडा. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. जानेवारीत केलेलं पान त्या हंगामाला पुरत नाही. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पान तयार हवं, म्हणजे सुट्टीनंतर शाळा उघडताच त्याचा दुवा मुख्याध्यापकांना धाडता येतो.

नकाशावरची नोंद

संकेतस्थळ नसेल तरी गूगल नकाशावरची नोंद आधी करा. 'गूगल बिझनेस प्रोफाइल' फुकट आहे आणि 'जवळची एनजीओ' असं शोधणाऱ्यांना बहुधा हीच नोंद पहिली दिसते. अडचणी ठरलेल्या आहेत. नावाच्या रकान्यात संस्थेचं खरं, पाटीवरचं नावच हवं. त्यापुढे 'मोफत लेखनिक सोलापूर' असं जोडलं तर ते नियमाविरुद्ध ठरतं आणि नोंद निलंबित होऊ शकते. कामाचं वर्णन करायला ७५० अक्षरांची वेगळी जागा आहे, तिथे लिहा. संस्था कुणाच्या घरातून चालत असेल तर घराचा पत्ता लपवून फक्त सेवाक्षेत्र दाखवता येतं. पडताळणी बरेचदा व्हिडिओने होते. त्यात रस्ता किंवा परिसर, पाटी आणि आतली कागदपत्रं न थांबता एकाच चित्रीकरणात दाखवावी लागतात. तुकडे जोडलेला व्हिडिओ चालत नाही.

वेळ खरी टाका. कार्यालय संध्याकाळी पाच ते सातच उघडं असेल तर तेच लिहा. दुपारी बाराला येऊन कुलूप पाहून गेलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि जाताना नकाशावरच्या नोंदीला पाचपैकी एकच तारा देऊन जाऊ शकतो.

फॉर्म आणि व्हॉट्सॲप: गळती होते ती इथे

गूगल फॉर्ममध्ये तीन चुका वारंवार दिसतात. संस्थेच्या अधिकृत खात्यातून फॉर्म बनवला की कधीकधी तो 'फक्त आमच्या संस्थेतल्यांसाठी' राहतो. बनवणाऱ्याला तो व्यवस्थित उघडतो, बाहेरच्याला 'परवानगी लागेल' एवढंच दिसतं. दुसरी चूक फाइल चढवायला सांगण्याची. तसा प्रश्न घातला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉग-इन करावं लागतं, आणि आईच्या मोबाईलवरून फॉर्म भरणारं पोर तिथेच सोडून देतं. 'एका व्यक्तीचं एकच उत्तर' ही अटही तेच करते. तिसरी चूक म्हणजे नवं उत्तर आल्याची ईमेल सूचना सुरू न करणं. ती आपोआप सुरू नसते, त्यामुळे उत्तरं साठत राहतात आणि कुणी बघत नाही. उपाय एकच: फॉर्म तयार झाला की लॉग-इन नसलेल्या दुसऱ्याच मोबाईलवरून स्वतः एकदा भरून बघा.

प्रश्न सहा-सात पुरेत: नाव, पालकांचा मोबाईल, इयत्ता, लिहिण्याचं माध्यम, राहण्याचा भाग आणि पिनकोड, मोकळ्या तारखा. 'तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं?' हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला विचारून हाती काही लागत नाही. तो काढून टाका.

व्हॉट्सॲपसाठी थेट गप्पा उघडणारा दुवा बनवता येतो. त्यात क्रमांक ९१ पासून लिहायचा, आधी अधिकचिन्ह किंवा शून्य लावायचं नाही. शून्य लावल्यामुळे न चालणारे दुवे अनेक पत्रकांवर छापलेले दिसतात. दुव्यातच 'मला लेखनिक व्हायचंय' हे वाक्य आधीपासून भरून ठेवता येतं, म्हणजे समोरच्याला फक्त पाठवायचं राहतं. यासाठी 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे मोफत ॲप वापरा. त्यात पहिल्या निरोपाला आपोआप उत्तर जातं आणि संभाषणांना लेबलं लावता येतात: 'नववी', 'अकरावी', 'सराव झाला'.

गटात सामील होण्याचा दुवा मात्र संकेतस्थळावर उघडा टाकू नये. त्यातून जाहिरातबाज घुसतातच, शिवाय साध्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. आधी बोलणं, मग पालकांचा होकार, मग गट.

आणखी कुठे नाव असावं

नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण'वर नोंद फुकट होते आणि संस्थेला एक क्रमांक मिळतो. तिथून स्वयंसेवकांची रांग लागेल अशी अपेक्षा नको, पण अनोळखी पालक संस्था खरी आहे का हे तपासायला जातात तेव्हा त्याचा उपयोग होतो. तो क्रमांक पानाच्या तळाशी लिहा. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेला केंद्र सरकारचा 'माय भारत' हा तरुणांना स्वयंसेवेशी जोडणारा मंच १५ ते २९ वयोगटासाठी आहे. 'कनेक्टफॉर', 'आयव्हॉलंटिअर' यांसारख्या मंचांवर नोकरदार मंडळी बरीच असतात. कामाच्या दिवशी अकराच्या पेपरला ती येणार नाहीत आणि बोर्डासाठी चालणारही नाहीत. पण पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं, शनिवारी अभ्यास घेणं, ही कामं तिथे टाकली तर प्रतिसाद येतो.

पदवीच्या दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजनेकडे वळा. तिथल्या विद्यार्थ्याला दरवर्षी १२० आणि दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, आणि महाविद्यालयाच्या एका तुकडीत साधारण १०० जण असतात. तृतीय वर्षाच्या परीक्षार्थीला प्रथम वर्षाचा लेखनिक इथून मिळू शकतो. विद्यापीठाची लेखनिकाबद्दलची अट मात्र आधी वाचून घ्या. कार्यक्रम अधिकाऱ्याला तुमच्या पानाचा दुवा पाठवताना एक ओळ जोडा: तासांची नोंद कशी देणार. त्यांच्या दृष्टीने सगळ्यात आधी तेच येतं.

संकेतस्थळ सांभाळायला कुणी जाणकार असेल तर त्याला पानाच्या कोडमध्ये 'जॉबपोस्टिंग' नावाची खूण लावायला सांगा, म्हणजे हे पान कामाची जाहिरात आहे हे शोधयंत्राला कळतं. गूगलच्या नोकरीशोधात, जो भारतात २०१८ मध्ये सुरू झाला, कामाच्या प्रकारांत 'स्वयंसेवक' हा पर्यायही आहे. त्यात अंतिम तारीख भरावी आणि ती उलटली की खूण काढावी, नाहीतर गूगल कारवाई करू शकतं.

आणि गूगलच्या त्या प्रसिद्ध मोफत जाहिराती? पात्र ठरलेल्या नोंदणीकृत संस्थांना दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या शोधजाहिराती मिळतात, हे खरं आहे. पण स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतःच्या नावाचा पत्ता, हवं, आणि जाहिरात दिसलेल्या दर शंभरांपैकी किमान पाच जणांनी ती उघडायला हवी. सलग दोन महिने हे जमलं नाही तर खातं थांबवलं जाऊ शकतं. एका जिल्ह्यात 'लेखनिक' शोधणारे इतके कमी असतात की त्या रकमेचा बारीकसा वाटाही खर्च होत नाही. पान, नकाशा आणि फॉर्म नीट झाल्यावर याकडे बघावं.

चाव्या कुणाकडे?

डोमेन एका उत्साही विद्यार्थ्याच्या ईमेलवर, नकाशावरची नोंद माजी सचिवांच्या मोबाईलवर, इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही: सगळ्यात महाग पडणारी चूक ही. विद्यार्थी नोकरीला दुसऱ्या शहरात जातो, डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहते आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर पान बंद पडतं. संस्थेच्या नावाचं एकच ईमेल खातं काढा, सगळं त्यावर नोंदवा आणि नकाशाच्या नोंदीवर मालक म्हणून तेच ठेवा. माणसं फक्त व्यवस्थापक. दोन-चरणी सुरक्षेसाठी लावलेला मोबाईल क्रमांक कार्यालयाचा असावा.

मार्च संपला की हंगामी पान काढून टाकू नका. पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवं पान केलं तर गूगलमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात होते, आणि शिक्षकांनी पुढे पाठवलेले जुने दुवे मरतात. पत्ता तोच ठेवा, वरची ओळ बदला: 'यंदाच्या परीक्षा संपल्या. पुढची नोंदणी ऑक्टोबरमध्ये. तोवर वाचक म्हणून यायचं असेल तर इथे लिहा.' पत्त्यात वर्षही घालू नये, ते शीर्षकात असावं, म्हणजे दर ऑक्टोबरला एकाच ठिकाणी बदलावं लागतं.